शाळेच्या आवारात ओरिएंटिअरिंगची स्प्रिंट शर्यत : पहिल्यांदा भरवणाऱ्यांसाठी

ओरिएंटिअरिंग, म्हणजे नकाशा वाचत ठरलेल्या जागा क्रमाने धावत गाठण्याचा खेळ, म्हटलं की आपल्याकडे एनसीसीचा कॅम्प, खाकी गणवेश आणि प्रिझमॅटिक कंपास डोळ्यांपुढे येतो. नाहीतर स्वीडन-फिनलंडमधली घनदाट जंगलं. त्यामुळे शाळेत हा खेळ घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "जंगल कुठून आणायचं?" जंगल लागत नाही. या खेळाचा स्प्रिंट नावाचा छोटा, वेगवान प्रकार इमारती, बोळ, जिने आणि बागा यांतच खेळला जातो. २००१ साली फिनलंडच्या टाम्परेमध्ये तो पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत आला आणि आज मोठमोठ्या स्पर्धा जुन्या शहरांच्या गल्ल्यांमधून आणि विद्यापीठांच्या आवारांतून होतात. बस नको, मुक्काम नको. बरं आवार असलेली शाळा पुरते.

आठवी ते दहावीची पन्नास-साठ मुलं आणि एक सकाळ एवढं धरून हा लेख लिहिला आहे. आपली एकच शाळा असो की शेजारच्या दोन-तीन शाळा मिळून, पद्धत तीच.

सुरुवातीलाच एक गोष्ट सहकाऱ्यांच्या डोक्यात पक्की बसवा: हा खजिन्याचा शोध नाही. कंट्रोलचा, म्हणजे वाटेत गाठायच्या ठरलेल्या जागेचा, झेंडा लपवायचा नसतो. नकाशावर जिथे वर्तुळ आहे तिथे झेंडा ठसठशीत दिसला पाहिजे. कस लागतो तो तिथपर्यंत कुठून जायचं हे ठरवण्यात. उत्साही स्वयंसेवक झेंडा कुंडीमागे सरकवून "आता शोधा म्हणावं" म्हणतात, त्यांना वेळीच आवरा.

## १. जागा आणि तारीख

दोन-तीन एकरांचं आवार पहिल्या शर्यतीसाठी भरपूर झालं. मोकळं मैदान कितीही मोठं असलं तरी कामाचं नाही, कारण सगळंच दिसत असेल तर निर्णय घ्यायला उरतं काय? इमारतींचे कोपरे, आतलं चौक, दोन फाटकं, मागची बाग, सायकल स्टँड, कुंपणाच्या भिंती अशी गुंतागुंत हवी. शाळा लहान असेल तर शेजारचं महाविद्यालय किंवा नगरपालिकेची बाग बघा. सार्वजनिक रस्ता ओलांडावा लागेल अशी जागा पहिल्या वर्षी घेऊच नका.

तारखेचं गणित दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. पावसाळ्यात फरशीवर शेवाळ असतं आणि गवत कमरेएवढं. जानेवारीत दहावीच्या पूर्वपरीक्षा. मार्चनंतर ऊन. उरतो दिवाळीच्या सुट्टीनंतरचा काळ, आणि नेमका त्यातच स्नेहसंमेलनाचा मांडव पडतो. मांडव म्हणजे नकाशावर नसलेली, मैदानाचा अर्धा भाग गिळणारी वस्तू. तो कधी उभारणार, कधी निघणार हे कार्यालयात विचारूनच तारीख पक्की करा. शक्यतो रविवारी सकाळी सातला पहिलं मूल सुटेल असं बघा. शाळेच्या दिवशी प्राथमिकची मुलं झेंडे काढून हातात घेऊन फिरतात. त्यांचा दोष नाही, झेंडा दिसतोच छान.

## २. परवानग्या आणि कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं, पण पंधरा दिवस आधी संपवा. फाइलमध्ये पुढचे कागद हवेत:

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. बाहेरच्या शाळा येणार असतील तर त्या शाळांची पत्रंही.
- जागा शाळेची नसेल तर जागामालकाचं पत्र. बाग असेल तर नगरपालिकेच्या उद्यान विभागाचं.
- प्रत्येक मुलाचं पालक संमतिपत्र. त्यात दोन फोन नंबर, रक्तगट, आणि दमा, फिट, हृदयविकार यांपैकी काही असल्यास नोंद.
- नावांची यादी: छाती क्रमांक, इयत्ता, सुटण्याची वेळ.
- जवळच्या दवाखान्याचा पत्ता आणि गाडी घेऊन उभा राहणारा एक माणूस. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर सर्व स्वयंसेवकांच्या कागदावर छापा.

संमतिपत्रात "मूल एकटं धावेल, शिक्षक सोबत नसतील" हे वाक्य स्पष्ट लिहा. पालकांचा नंतरचा गैरसमज बहुतेक वेळा इथेच होतो. त्यांना वाटतं, रांगेत सहल निघणार आहे.

## ३. नकाशा

तुमचा निम्म्याहून अधिक वेळ इथे जायला हवा. शर्यतीला पैसे मिळाले की लोक आधी टी-शर्ट आणि पदकांचा विचार करतात. माझं मत विचाराल तर पदकं कागदाची चालतील, नकाशा चुकीचा चालणार नाही. नकाशावर वाट दाखवली आणि तिथे कुलूप लावलेलं फाटक निघालं, तर हुशार मूल हरतं आणि पुढच्याच्या मागे धावणारं जिंकतं.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे इथे उपयोगाचे नाहीत. त्यात एक किलोमीटर दोन सेंटिमीटरमध्ये मावतो, तुमची शाळा ठिपक्याएवढी दिसेल. स्प्रिंटच्या नकाशाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १:४००० आहे, म्हणजे एक सेंटिमीटरला चाळीस मीटर. शाळेच्या आवारासाठी तेही लहान पडतं. सरळ १:१००० घ्या: एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर, मुलांनाही तोंडी हिशोब जमतो, आणि दोनेकशे मीटर रुंद आवार ए-फोर कागदावर बसतं.

साधनं फुकट आहेत. नकाशा काढायला ओपनओरिएंटिअरिंग मॅपर, त्यावर कोर्स, म्हणजे कंट्रोल गाठायचा ठरलेला क्रम, आखायला पर्पल पेन. ओकॅड हे विकतचं सॉफ्टवेअर नावाजलेलं आहे, पण पहिल्या शर्यतीसाठी त्याची गरज नाही. मॅपरमध्ये नवीन फाइल उघडताना स्प्रिंटचा चिन्हसंच निवडा, म्हणजे रंग आणि रेषा आपोआप नियमाप्रमाणे येतात.

पायाभूत चित्र म्हणून उपग्रहचित्र किंवा ओपनस्ट्रीटमॅप घ्या आणि त्यावरून इमारती गिरवा. इथे पहिला सापळा. वरून दिसतं ते छप्पर, भिंत नव्हे. आपल्या शाळांना पत्र्याच्या पडव्या आणि मीटर-मीटरभर बाहेर आलेले छज्जे असतात. शिवाय उंच इमारत उपग्रहचित्रात एका बाजूला कललेली दिसते. छपराची कड गिरवली तर दोन इमारतींमधला बोळ नकाशावर अर्धा होतो किंवा नाहीसाच होतो. गिरवलेला नकाशा छापा, फळीवर लावा, तीस मीटरची टेप घ्या आणि पायी फिरा. प्रत्येक बोळाची रुंदी जमिनीवर मोजा. झाडांखाली लपलेली फाटकं, पायऱ्या, नळकोंडाळं, तुळशीवृंदावन, खो-खोचे खांब, ध्वजस्तंभाचा चौथरा हे सगळं या फेरीतच सापडतं.

रंगांचा अर्थ थोडक्यात: इमारत राखाडी, छताखालून जाता येईल असा भाग फिका राखाडी, फरसबंदी फिकी तपकिरी, मोकळी जागा पिवळी, झाडी हिरव्या छटांत, पाणी निळं. कोर्स जांभळ्या रंगात. सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे शेवाळी हिरवा रंग: इथे पाऊल टाकायचं नाही. फुलांचे वाफे, मुख्याध्यापकांच्या खोलीपुढची हिरवळ, शेजारच्यांचं अंगण या रंगात रंगवा. तसंच ओलांडायला मनाई असलेली भिंत जाड काळ्या रेषेने दाखवतात. ती मुलाला उडी मारून पार करता येत असली तरी नियमाने बंदच. "सर, पण मला जमतं उडी मारायला" हा युक्तिवाद हमखास येणार, त्याचं उत्तर तयार ठेवा.

मजल्यांच्या भानगडीत पडू नका. एकाच जागी खाली व्हरांडा आणि वर गॅलरी असेल, तर सपाट कागदावर ते नीट दाखवणं अनुभवी नकाशाकारालाही जड जातं. फक्त तळमजला ठेवा आणि वर जाणारे सगळे जिने पट्टी बांधून बंद करा.

उत्तर दिशेची चिंता आपल्याला कमी आहे. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि भूगोलाची उत्तर यांत फरक जेमतेम अंशाच्या आसपास. उत्तर-दक्षिण रेषा दर पंचवीस मीटरला काढा, त्या अंतर मोजायलाही उपयोगी पडतात.

आता छपाई. हा सापळा इतका साधा आहे की कोणी सांगत नाही. झेरॉक्सवाल्याकडे पीडीएफ दिली की तो सवयीने "फिट टू पेज" करून छापतो. नकाशा चार-पाच टक्क्यांनी लहान होतो आणि प्रमाण बोंबलतं. नकाशाच्या कोपऱ्यात बरोबर पाच सेंटिमीटरची रेघ काढून ठेवा, पहिली प्रत हातात आली की दुकानातच पट्टी लावून बघा, मग उरलेल्या छापायला सांगा. लेसर छपाईच घ्या, इंकजेटचा रंग घामाच्या हाताला लागतो. आणि जांभळी वर्तुळं तपकिरी फरशीवर उठून दिसतात का, हे उन्हात नेऊन पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच बरं दिसतं.

## ४. कोर्स आखणं

मोठ्यांच्या स्प्रिंटमध्ये विजेता बारा ते पंधरा मिनिटांत संपवतो. मुलांसाठीही तेवढंच धरा. सर्वांत मागे राहणाऱ्याला त्याच्या अडीच-तीनपट वेळ लागतो. धावण्याचं अंतर एक ते दीड किलोमीटर, कंट्रोल दहा ते चौदा. स्प्रिंटमध्ये अंतर सरळ रेषेत मोजत नाहीत, धावता येईल अशा सर्वांत जवळच्या वाटेने मोजतात. हे विसरलं की "एक किलोमीटरचा" कोर्स प्रत्यक्षात पावणेदोनचा निघतो.

चांगला टप्पा, म्हणजे एका कंट्रोलपासून पुढच्यापर्यंतची धाव, कोणता? ज्यात मुलाला कंट्रोल सोडताना "डावीकडून की उजवीकडून?" असा प्रश्न पडतो. समजा तिसरा कंट्रोल प्रयोगशाळेच्या मागच्या कोपऱ्याला आहे आणि चौथा सभागृहाच्या पाठीमागच्या चिंचेजवळ. सरळ पाहिलं तर मध्ये सभागृह आडवं. डावीकडून वाट जवळची, पण मध्ये पाच पायऱ्या आणि अरुंद बोळ. उजवीकडून वीस मीटर जास्त, पण सपाट आणि मोकळी. नववीतली चपळ मुलगी डावीकडून जाईल, दमलेला मुलगा उजवीकडून, आणि दोघं जवळजवळ एकाच वेळी पोचतील. असे दोन-तीन टप्पे जमले की शर्यत जमली. बाकीचे टप्पे छोटे ठेवा, दिशा सतत बदलती ठेवा.

टाळायच्या गोष्टी. बोळाच्या बंद टोकाला कंट्रोल ठेवला की मूल ज्या वाटेने आत जातं त्याच वाटेने बाहेर येतं, आणि आत येणाऱ्याला आयतं उत्तर मिळतं. शिवाय आंधळ्या कोपऱ्यावर दोन मुलं एकमेकांवर आदळतात. त्यामुळे कोपऱ्यांवर एका दिशेनेच वाहतूक राहील असा कोर्स वळवा. दोन कंट्रोल पंचवीस-तीस मीटरांपेक्षा जवळ आणि एकसारख्या खुणेवर ठेवू नका. कंट्रोलचे कोड, म्हणजे झेंड्यावरच्या पाटीचे आकडे, ३१ पासून पुढे द्या, म्हणजे "कंट्रोल क्रमांक ७" आणि "कोड ७" यांत घोळ होत नाही. ६६, ६८, ८६, ८९, ९८, ९९ हे कोड वगळा. सॉफ्टवेअर इंग्रजी आकडे छापतं आणि पाटी उलटी टांगली गेली की ते एकमेकांसारखे वाचले जातात.

पहिल्या वर्षी तीन कोर्स पुरे: आठवीसाठी सोपा, नववी-दहावीसाठी दोन, ज्यात बरेच कंट्रोल सामाईक पण क्रम वेगळा. एकाच कोर्सवर साठ मुलं सोडली तर एकामागे एक धावणारी आगगाडी होते.

कोर्स आखून झाला की तो स्वतः धावून बघू नका. नकाशा कधीच न पाहिलेल्या एखाद्या शिक्षकाला द्या. लिपिक काका तयार झाले तर उत्तम. ते जिथे थबकतील तिथे नकाशा तपासा.

आणि धोक्यांची फेरी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, वेगळी. उघडी विहीर, टाकीचं सैल झाकण, बांधकामातून वर आलेल्या सळया, विजेची डीपी, फुटक्या काचा. मान वर करून छज्जाखाली आग्या मोहोळ आहे का तेही बघा. जुन्या इमारतींवर हमखास असतं आणि चाळीस मुलांच्या धावपळीने ते उठलं तर शर्यत राहिली बाजूला. त्या बाजूचा कंट्रोल सरळ रद्द करा.

## ५. साहित्य

झेंडे शिंप्याकडून शिवून घ्या: तीस सेंटिमीटरचे चौरस, कर्णावर दुभागलेले, अर्धा पांढरा अर्धा नारिंगी. असे तीन चौरस जोडले की त्रिकोणी कंदील होतो. फ्लेक्सचेही चालतात, पण वाऱ्यात फडफडतात. सुतळीने कमरेच्या उंचीवर बांधा, वर कोडची पाटी.

कंट्रोल गाठल्याचा पुरावा म्हणून पूर्वीपासून खिळ्यांचा पंच वापरतात, प्रत्येकाची भोकांची नक्षी निराळी. तो मिळाला नाही तर स्टेशनरीच्या दुकानातले क्राफ्ट पंच घ्या: चांदणी, फूल, बदाम, मासा. त्यांचं तोंड फार आत पोचत नाही, म्हणून मुलाच्या हातातल्या कंट्रोल कार्डावरचे, पंच मारायचे चौकोन कागदाच्या कडेलाच छापा. पाटीवर अक्षर लिहून "ते उतरवून घ्या" ही युक्ती स्वस्त आहे, पण दुसऱ्या मिनिटाला सगळी अक्षरं पाण्याच्या टाकीपाशी फुटलेली असतात.

मॅपरन हे अ‍ॅप फोनच्या जीपीएसवर चालतं आणि झेंड्यांचीही गरज ठेवत नाही. मोठ्या बागेत छान. शाळेच्या बोळांत मात्र उंच भिंतींमुळे जीपीएस काही मीटर हुकतं, आणि मुलांच्या हातात फोन द्यायचा की नाही हा निराळा वाद. सध्या सोडा. स्पोर्टआयडेंटसारखी इलेक्ट्रॉनिक चिप महाग आहे, तीही सोडा.

होकायंत्र असलं तर साधं प्लॅस्टिकच्या पट्टीचं. लोखंडी फाटक, पत्र्याची शेड आणि खिशातला फोन यांच्याजवळ सुई फसवते, एवढं मुलांना सांगा. एनसीसीचा प्रिझमॅटिक कंपास कपाटातच राहू द्या.

## ६. मुलांची तयारी

दोन-तीन तास पुरतात. भूगोलाच्या बाईंना सोबत घ्या. प्रमाण, दिशा आणि सूची हे मुलांनी त्यांच्याकडेच शिकलेलं असतं, इथे ते पहिल्यांदाच पायांना लागतं.

पहिला तास वर्गात: आपल्या वर्गाचा नकाशा काढा. दुसरा मैदानावर: नकाशा हातात धरून चौकात उभं राहा, मग तोंड फिरवा आणि नकाशा उलट फिरवून पुन्हा समोरच्या इमारतीशी जुळवा. मुलं अक्षरं सरळ वाचता यावीत म्हणून नकाशा नेहमी सरळ धरतात. ती सवय मोडणं म्हणजे अर्धं प्रशिक्षण. नकाशा घडी घालून अंगठा आपल्या जागेवर ठेवायला शिकवा, धावताना अंगठाही सरकत राहिला पाहिजे. शेवटी तारा-सराव: मधे उभे राहा, एकेक मूल एका कंट्रोलला जाऊन परत येईल, मग पुढचा कंट्रोल. कोण कुठे अडतं ते तुमच्या डोळ्यांसमोर कळतं.

## ७. शर्यतीची सकाळ

झेंडे लावणारा आणि तपासणारा माणूस वेगळा हवा. तपासणाऱ्याने कोड मोठ्याने वाचून कागदावर टिक करायची.

सुरुवातीला फक्कीने तीन चौकटी आखा. तीन मिनिटं आधी मूल पहिल्या चौकटीत: नाव आणि कार्ड तपासा. दोन मिनिटं आधी दुसरीत: कंट्रोलच्या वर्णनांचा कागद (कोणता कंट्रोल कोणत्या खुणेवर, त्याचा कोड काय) द्या. एक मिनिट आधी तिसरीत: नकाशा पालथा हातात, आणि इथेच कोर्स बरोबर दिला का ते बघा. शिट्टी झाली की नकाशा उलटायचा. तीन कोर्सवर दर मिनिटाला एकेक अशी तीन मुलं सुटली तर साठ मुलं वीस मिनिटांत मार्गाला लागतात. सुटायची जागा समाप्तीच्या नजरेआड ठेवा, नाहीतर परत आलेले मित्र हातवारे करून सगळं सांगतात.

सुरुवात आणि समाप्ती दोन्हीकडे एकाच घड्याळाची वेळ हवी. समाप्तीला एकाने वेळ ओरडायची, दुसऱ्याने छाती क्रमांकासमोर लिहायची. एकच माणूस दोन्ही करू लागला की तीन मुलं एकदम आल्यावर घोटाळा ठरलेला.

सुरक्षिततेचा एक नियम मुलांकडून तोंडपाठ म्हणून घ्या: कोर्स अर्धवट सोडला, रडू आलं, पाय मुरगळला, काहीही झालं तरी समाप्तीला येऊन नाव सांगायचं. सुटलेल्यांची संख्या आणि परतलेल्यांची संख्या जुळल्याशिवाय एकही झेंडा उतरवायचा नाही. शेवटचं मूल सुटल्यावर चाळीस मिनिटांनी शाळेची घंटा सलग वाजवा. घंटा म्हणजे असाल तिथून परत. तरीही कोणी आलं नाही तर आधी स्वच्छतागृह आणि वडापावची गाडी बघा, मग शोधपथक.

## ८. निकाल आणि आवराआवर

बरोबर पंच केलेलं एक नमुना कार्ड शेजारी ठेवून प्रत्येक कार्ड ताडून बघा. एक कंट्रोल चुकला किंवा राहिला तर वेळ कितीही चांगली असो, निकालात नाव नाही. हे कठोर वाटतं, पालकही भांडतात, पण यात सूट दिली की पुढच्या वर्षी अवघड कंट्रोल कोणीच घेणार नाही. चुकलेल्या मुलांची यादी "कोर्स अपूर्ण" या शीर्षकाखाली लावा, "नापास" हा शब्द वापरू नका.

निकाल तासाभरात फळ्यावर लागला पाहिजे. तोपर्यंत मुलांना जाऊ देऊ नका, पोहे तेव्हाच द्या. खरी गंमत या वेळात असते. नकाशे जमिनीवर पसरून "तू चौथ्याला कुठून गेलास?" हा जो कालवा चालतो, त्यात मुलं एकमेकांकडून जेवढं शिकतात तेवढं आपण तासभर बोलून शिकवत नाही. नकाशे परत मागू नका, घरी नेऊ द्या.

झेंडे गोळा करताना कोडची यादी हातात ठेवा आणि एकेकावर काट मारा. नकाशाची मूळ फाइल, कोर्सची फाइल आणि मुलांनी दाखवलेल्या नकाशातल्या चुका एका फोल्डरमध्ये, तारखेसह, शाळेच्या संगणकावर टाका आणि एक प्रत भूगोलाच्या बाईंकडे द्या. तुमची बदली झाली तर पुढच्याला पहिल्यापासून टेप घेऊन फिरावं लागू नये.